खान्देशच्या उन्हात बाबागाडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा बाळाला फिरवायचं ते सकाळी लवकर, नाहीतर दिवस मावळल्यावर. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी टाकतात, आणि नेमकं तिथंच चुकतं. कापडाखाली हवा कोंडते, आत बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. छत पुढे ओढा, बाजू मोकळ्या ठेवा. उन्हात उभ्या गाडीचं बक्कल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

पहिले सहा महिने पाठीचा भाग पूर्ण आडवा हवा. लहान बाळाला बसतं केलं की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. पट्टे पाचही लावायचे: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. खांद्यापाशी पट्ट्याखाली एक-दोन बोटंच जावीत.

बाजारात भरताची वांगी घेतली की पिशवी हमखास हँडलला अडकते. बाळाला उचललं रे उचललं की गाडी मागे उलटते, कधी तर बाळ आत असतानाच. पिशवी खालच्या जाळीत ठेवा. थांबल्यावर ब्रेक दाबून गाडी जरा ढकलून बघा, चाकात माती अडकली असेल तर खटका अर्धवटच बसतो. घडी उघडताना-मिटताना बाळ हातभर लांब, सांध्यात बोटं चेमटतात.