रजोनिवृत्तीच्या काळात या चुका टाळा

सोलापुरात अंगाची लाही होण्याचे कुणाला नवल वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे पंचेचाळिशीतल्या बाईने ‘अंगातून वाफा निघतात’ अशी तक्रार केली की ‘ऊन बाधलं असेल, ताक पी’ असे सांगून घरातले मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. रजोनिवृत्तीची वाफ छातीतून उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, काही मिनिटांत दरदरून घाम फुटतो आणि तो वाळताना चक्क थंडी वाजते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री दोन वाजता शेजारी नवरा डोक्यावरून चादर ओढून झोपलेला असताना आपल्याला मात्र ती लाथाडून द्यावी लागत असेल, तर दोष उन्हाचा नाही.

दुसरी चूक म्हणजे पाळी पूर्ण थांबेपर्यंत याचा विचारच न करणे. सलग १२ महिने पाळी आली नाही तरच रजोनिवृत्ती झाली असे मानतात आणि भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७च्या आसपास असते. परंतु मागेपुढे होणारी पाळी, उडालेली झोप, कारण नसताना येणारी चिडचिड, सांधेदुखी आणि विसराळूपणा ही लक्षणे त्याआधी काही वर्षे सुरू होऊ शकतात. या वर्षांत गर्भधारणाही होऊ शकते, हे अनेक जोडपी विसरतात. पन्नाशीनंतर शेवटची पाळी आली असेल तर पुढे १ वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर २ वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. चाळिशीच्या आतच पाळी थांबली, तर ‘लवकर सुटले’ असे म्हणून गप्प न बसता तपासणी करून घेतली पाहिजे.

याच्या उलट चूकही तितकीच होते, ती म्हणजे सगळेच या वयाच्या खात्यावर टाकण्याची. थकवा, धडधड, घाम आणि केस गळणे यांमागे थायरॉईड किंवा रक्तक्षय असू शकतो. साध्या रक्ततपासणीत ते कळते. मात्र एका लक्षणाबाबत जराही सवलत देऊ नये. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एकदाच आणि डागापुरते दिसले, तरी ‘पाळी परत आली’ असे समजू नये. त्यामागचे कारण पुष्कळदा किरकोळ निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते, म्हणून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणी करावीच लागते. पाळी चालू असतानाही तासाभरात पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर ‘जाताना अशीच जाते’ हे शेजारणीचे म्हणणे प्रमाण मानू नये.

अशा रक्तस्रावाला कंटाळून ‘पिशवीच काढून टाका’ असा आग्रह कित्येक बायका स्वतःच धरतात. (तो मोडून काढण्याची घाई सगळ्याच दवाखान्यांत दिसत नाही, एवढेच इथे म्हणतो.) पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि तिचा त्रास बहुधा अधिक तीव्र असतो. गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी यांनी रक्तस्राव आटोक्यात येऊ शकतो का, हे आधी विचारावे. शस्त्रक्रिया ठरलीच, तर अंडाशये ठेवणार की काढणार, हेही स्पष्ट विचारून घ्यावे.

रजोनिवृत्तीच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांबाबत दोन टोके दिसतात. २००२ साली या गोळ्यांचे धोके दाखवणारे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आल्यापासून अनेकींनी त्यांची धास्तीच घेतली, तर काही जणी बहिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणतात. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतरच्या १० वर्षांत, त्रास जास्त असलेल्या निरोगी स्त्रीला हे उपचार बहुधा लाभाचे ठरतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेल्या स्त्रीला मात्र सहसा ते देत नाहीत. गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन हे हार्मोन घेतले तर अस्तर वाढून धोका निर्माण होतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन लागते.

लघवीची जळजळ आणि संबंधाच्या वेळचे दुखणे यांविषयी मात्र कुणीच बोलत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूची भुकटी उडू नये म्हणून पंखा बंद ठेवतात आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही बेताने पितात. वाफ आणि जळजळ दोन्हींना हे खतपाणीच. ओला नॅपकिन मानेवर ठेवावा, तांब्या हाताशी ठेवावा, वाफ येणाऱ्या दिवसांत कडक चहा आणि झणझणीत चटणी थोडी आवरावी. जळजळ आणि दुखणे यांमागच्या कोरडेपणासाठी योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर देतात आणि ते बऱ्याच जणींना उपयोगी पडते. दवाखान्यात जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरची सहा महिन्यांची पाने सोबत न्यावीत. पाळीच्या तारखांवर गोल केलेला असेल आणि झोपमोड झालेल्या रात्रींवर फुली, तर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.