घरी सांताक्लॉज येणार असेल तर

नाताळात घरी सांता बोलवायचं ठरलं की सगळे आधी लाल डगला शोधायला धावतात. डगला भाड्याने सहज मिळतो. कस लागतो तो घरच्यांचा, कारण सांताला मुलांची नावं माहीत नसतात, पिशवीतलं कुठलं पाकीट कोणाचं ते ठाऊक नसतं, आणि दोन वर्षांच्या पोराला पांढऱ्या दाढीचा अनोळखी माणूस म्हणजे बागुलबुवाच वाटतो. या तिन्हींची तयारी त्याच्या येण्याआधी व्हायला हवी.

वसई, मुंबई, गोवा कुठेही असा, २४ तारखेची रात्र मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची असते. म्हणून २५ ची संध्याकाळ धरा, साधारण साडेसहा-सातची वेळ. मुलं पेंगुळायच्या आत आणि जेवणं मांडायच्या आधी. एका मुलाला दीड मिनिट लागतं, म्हणजे १४ मुलांना २१ मिनिटं. येण्याजाण्यासकट अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका. पॉलिस्टरच्या मखमलीचा डगला, पोटावर उशी, डोक्यावर केसांचा टोप, हातमोजे, एवढं अंगावर घेऊन आपल्या किनारपट्टीच्या हवेत त्याहून जास्त बसवत नाही. भाड्याने बोलावलेला सांता असेल तर त्या दिवशी तो आणखी चार घरी जाणार असतो. त्यामुळे पाहुण्यांना त्याची नेमकी वेळ सांगू नका, हाउजीचे दोन डाव हाताशी ठेवा आणि वॉचमनला आधी कल्पना देऊन ठेवा.

घरातलाच काका किंवा मामा सांता होणार असेल तर मुलं त्याला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. ती ओळखतात चपलांवरून, घड्याळावरून, अंगठीवरून आणि रोजच्या अत्तराच्या वासावरून. हे सगळं उतरवून ठेवावं, फोन सोबत्याकडे, म्हणजे सांताबरोबर येणाऱ्या माणसाकडे द्यावा. ‘काका कुठे गेले?’ याचं एकच उत्तर सगळ्या मोठ्यांनी ठरवून ठेवा, समजा ‘बर्फ आणायला’. मग परतताना काकांच्या हातात खरोखर बर्फाची पिशवी हवी आणि शर्टावर दाढीचा एकही पांढरा केस नको. कपडे बदलायला शेजाऱ्यांचं घर सर्वांत बरं.

दाढीवर वेळ घालवा. नुसत्या इलॅस्टिकची दाढी बोलताना खाली सरकते आणि मिशी तोंडात जाते. मिशीचा तुकडा वेगळा असेल तर तो दुहेरी विग-टेपने किंवा स्पिरिट गमने (नाटकातल्या मेकअपच्या डिंकाने) चिकटवा. गम आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर टेपच वापरा. नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर गम झोंबतो, म्हणून दाढी सकाळीच उरका. गम लावल्यावर तो जरा चिकट होईपर्यंत थांबा, मग मिशी दाबा. ओठांवर येणारे केस मिशी चेहऱ्यावर बसल्यावरच कापा, हातात धरून कापले तर अंदाज चुकतो. गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सोडवत या. गरम ड्रायर किंवा इस्त्री लावलीत तर हे कृत्रिम केस वितळतात. ते पेटही चटकन घेतात. केकवरच्या आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढच्या मेणबत्त्या सांता घरात असेपर्यंत विझलेल्याच हव्यात, यात तडजोड नको.

आत सुती बनियन, पोटावर छोटी उशी आणि ती बांधायला जुनी सुती ओढणी, एवढं पुरतं. निघण्याआधी दोन ग्लास पाणी प्यावं. पंखा समोरून लावला तर दाढी डोळ्यांत जाते. टेबल फॅन खुर्चीच्या मागे, खाली ठेवा. उशीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बुटांवरची रेक्झिनची कव्हरं लादीवर घसरतात, म्हणून तळाला खरखरीत पट्टी चिकटवा आणि जिन्यात कोणीतरी हात द्या.

प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहून काढा: घरात हाक मारतात ते नाव, वय, यंदा केलेली एक चांगली गोष्ट. ‘बाबू, ५, आजीला रोज चष्मा शोधून देतो’ हे ऐकून बाबूचा चेहरा कसा फुलतो ते पाहाच. गणितातले मार्क, अंथरूण ओलं करणं, भावाला मारणं यातलं काहीही या यादीत नको. चारचौघांत मिळालेलं बोलणं मुलं विसरत नाहीत. अक्षरं ठळक आणि मोठी काढा, कारण सांताचा चष्मा घामाने धुरकट होतो. कागद सोनेरी वहीत चिकटवा.

पाकिटांच्या दोन्ही बाजूंना मार्करने नाव लिहा आणि किमतीची चिठ्ठी काढा. ज्यांच्यावरून सांता आला ते संत निकोलस, मायराचे बिशप, गुपचूप दान देण्यासाठी ओळखले जातात. त्यांच्या वारशाने येणाऱ्या भेटीवर ‘मावशीकडून’ नको. सगळ्या भेटी साधारण एका किमतीच्या असाव्यात. पिशवी उलट्या क्रमाने भरा, शेवटच्या मुलाचं पाकीट तळाशी. वजन सहा-सात किलोच्या वर गेलं की शिवण उसवते, उरलेलं झाडाखाली ठेवा. बिननावाची तीन पाकिटं जास्तीची हवीतच: शेजारचं पोर, पाहुण्यांबरोबर आलेला भाचा, वॉचमनची मुलगी.

घाबरण्याचा प्रश्न मुख्यतः एक ते तीन वर्षांच्या मुलांचा. प्लास्टिकचा मुखवटा बिलकुल नको, डोळे दिसले पाहिजेत. आधी जिन्यातून घंटी ऐकू यावी, मग सांताने दारात क्षणभर थांबावं, मग सरळ येऊन बसावं. बसलेला माणूस लहान दिसतो. खुर्ची बिनहातांची आणि भिंतीलगत, तिच्यामागे खिडकी नको. पहिल्यांदा सहा-सात वर्षांच्या धीट मुलाला बोलवा, त्याचं बघून लहानगी पुढे येतात. रडणाऱ्या मुलाला फोटोसाठी मांडीवर कोंबू नका. आईच्या कडेवरून लांबूनच पाकीट घेतलं तरी त्याचा नाताळ झाला. मांडीवर बसवण्यापेक्षा शेजारी उभं करणंच बरं, आणि कुठलंही मूल सांताबरोबर एकटं खोलीत राहू नये, मग तो सख्खा मामा का असेना. घरात कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, घंटी आणि लाल डगला दोन्हींनी तो बिथरतो.

सांताने इंग्रजीतच बोलावं असं काही नाही. घरात मराठी, वसईची कादोडी किंवा कोंकणी चालत असेल तर त्याच बोलीत विचारलेल्या ‘जेवलास का?’ने मूल लवकर मोकळं होतं.

निरोप लांबवू नका. शेवटचं पाकीट दिलं की सोबत्याने घंटी वाजवावी, सांताने उठावं आणि त्याच क्षणी कोणीतरी कॅरल, म्हणजे नाताळचं गाणं सुरू करावं, नाहीतर मुलं जिन्यापर्यंत मागे लागतात. तो लिफ्टमध्ये शिरून दार लागलं की केक आणा आणि मेणबत्त्या आता पेटवा.