जीएसटी नंबर विचारला आणि काम मिळालं

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येत असूनही दीड महिना मी नोकरीच्या ऑनलाइन छोट्या जाहिरातींवर नुसता फोन लावत होतो. निम्म्या ठिकाणी एकच टेप: ‘आधी पाचशे रुपये रजिस्ट्रेशन भरा.’ एकदा भरलेही (गाढवपणा!), नंतर त्यांचा फोन बंद.

मग ‘पुणे’ऐवजी ‘भोसरी’ टाकून शोधू लागलो, शिळ्या जाहिराती सोडल्या. फोनवर पहिला प्रश्न: तुमचा जीएसटी नंबर? हा १५ आकडी-अक्षरी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की लॉगिन न करताही फर्मचं नाव कळतं. बरेच जण तिथेच फोन ठेवायचे. एक वर्कशॉपवाले मात्र म्हणाले, ‘घ्या लिहून.’ मागे लेथची घरघर. नाव जुळलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर चहासोबत तीन महिन्यांच्या बिलांचा गठ्ठाच समोर आला.