वास्तुकलेच्या आधीचे एक वर्ष

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर मी थेट आर्किटेक्चरला प्रवेश न घेता आधी एक वर्ष कलेचा पायाभूत अभ्यासक्रम केला, ज्याला कोल्हापुरात सगळे नुसते ‘फाउंडेशन’ म्हणतात. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीच्या नाटा परीक्षेतील गणिताचे आणि तर्काचे प्रश्न मला बरे गेले होते, परंतु चित्रकलेच्या भागात माझी धांदल उडाली आणि जे गुण मिळाले त्यांवर मनासारखे महाविद्यालय मिळणे शक्य नव्हते. माझे वडील शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “हे वर्ष पुढं कुठं धरलं जाणार?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर ‘कुठेही नाही’ असेच होते. पदवीच्या पाच वर्षांतून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. तरीही आज नोंदणीकृत आर्किटेक्ट म्हणून काम करताना मला वाटते, की पुढची पाच वर्षे ज्याच्या आधारावर मी निभावली ते हेच वर्ष होते. ते कोणी घ्यावे, कसे वापरावे आणि त्यात कोणता धोका असतो, हे नव्याने या वाटेवर येणाऱ्यांना सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

आधी वाट नीट समजून घ्यावी. आपल्याकडे बी.आर्क. ही पदवी पाच वर्षांची म्हणजे दहा सत्रांची असते आणि त्यातील एक सत्र आर्किटेक्टच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करून पूर्ण करावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. त्याखेरीज वास्तुकला परिषदेची नाटा किंवा जेईई मेनचा बी.आर्क.साठीचा दुसरा पेपर द्यावा लागतो आणि महाराष्ट्रातील प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतात. पात्रतेचे किमान गुण वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर न राहता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, ही गोष्ट पालकांनाही सांगून ठेवावी, कारण पदवीचा निकाल लागला म्हणजे सगळे झाले असा समज घरोघरी असतो.

या साखळीत पायाभूत वर्षाची सक्ती कुठेही नाही. ब्रिटनमधील व्यवस्था वेगळी आहे. तेथील अनेक विद्यापीठे थेट पदवीसाठी पात्र नसलेल्या विद्यार्थ्यांना आधी एक पायाभूत वर्ष देतात, त्यानंतर तीन वर्षांची पदवी म्हणजे पहिला भाग, मग साधारणपणे वर्षभराचा कामाचा अनुभव, नंतर दोन वर्षांचा दुसरा भाग आणि शेवटी व्यावसायिक परीक्षेचा तिसरा भाग अशी पारंपरिक रचना आहे. इचलकरंजीच्या एका मुलीने मला त्याविषयी विचारले होते. तिला मी एवढेच सांगितले, की परत येऊन इथे व्यवसाय करायचा असेल तर ती पदवी आपल्या परिषदेला मान्य आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहून घे.

माझ्या फाउंडेशनच्या वर्गात आम्ही सुरुवातीला फक्त वस्तुचित्रे काढली. टेबलावर तांब्याची घागर, तिच्याशेजारी लाकडी ठोकळा आणि मागे घडी पडलेला पडदा, एवढेच समोर असायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा शाळेत असतानाच दिलेल्या असल्यामुळे मला वाटे, की हे आपल्याला येते. सरांनी माझी घागर पाहिली आणि विचारले, “तुझी नजर कुठं आहे?” घागरीचे तोंड वरून दिसत होते आणि तिचा बुडखा मात्र मी समोरून पाहिल्यासारखा सरळ रेषेत काढला होता. एकाच चित्रात मी दोन ठिकाणी बसले होते. वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली जाईल तितके ते अधिक उघडे दिसते, हे पुस्तकात मी वाचलेले होते, परंतु पेन्सिल हात लांब करून धरून, एक डोळा मिटून, घागरीची रुंदी तिच्या उंचीत किती वेळा बसते हे मोजल्याशिवाय ते हातात उतरले नाही. पुढे आर्किटेक्चरच्या पहिल्या सत्रात पर्स्पेक्टिव्ह म्हणजे यथार्थदर्शी चित्रण शिकवले गेले तेव्हा वर्गातील बहुतेक जण रेषांच्या जाळ्यात अडकले होते. मला ती रीत नवी होती, तिच्यामागचे कारण मात्र माहीत होते.

त्रिमितीचे काम मला त्याहून अधिक उपयोगी पडले. बापट कॅम्पातून शाडू आणून आम्ही घन आकार करायचो, नंतर तेच आकार जाड कागदात घडी घालून आणि शेवटी तारेत उभे करायचो. एकच आकार तीन साहित्यांत करताना कळते, की माती दाबाला उभी राहते, कागदाला घडीतून बळ येते आणि तारेला आधार दिला नाही तर ती कलते. संरचनाशास्त्राच्या पुस्तकात हेच नंतर सूत्रांसह येते.

त्या वर्षातील ज्या कामावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला ते मात्र वर्गाबाहेरचे होते. सरांनी प्रत्येकाला ओळखीतले एक जुने घर निवडून ते मोजून काढायला सांगितले. मंगळवार पेठेत आईच्या मैत्रिणीचे घर आहे, तिथे मी सलग सहा रविवार गेले. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, मधला उघडा चौक आणि मागे परसू, अशी ती नेहमीची रचना. पहिल्या रविवारी मी टेप लावून खोल्यांची लांबी-रुंदी घेतली आणि काम झाले असे समजून घरी आले. कागदावर मांडायला घेतले तेव्हा चौकाच्या चार बाजू जुळेनात. जुन्या घराचे कोपरे काटकोनात असतीलच असे नाही, म्हणून कर्णही मोजावे लागतात, हे मला तेव्हा समजले. वडिलांना दाखवले तर ते म्हणाले, “गवंड्याला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी गुण्या लावायला सांगितला असता.” दुसऱ्या रविवारी मी त्यांचा काटकोन तपासायचा गुण्या, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी घेऊन गेले.

त्या घरातील आज्जी माझे मोजणे दर रविवारी पाहत बसायच्या. दाराच्या उंबऱ्याची उंची मी टिपून घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरी, उंची लिवलीस, पन त्यो एवढा उंच कशापायी ते इच्यारलंस का?” मी विचारले नव्हते. त्यांनीच मग सांगितले, “पयलं तीन पायऱ्या हुत्या. डांबर पडत गेलं तशा दोन पायऱ्या गल्लीनं खाल्ल्या. मग मालकांनी उंबरा वर घेतला, न्हाईतर पावसाळ्यात पाणी सरळ सोप्यात.” रस्त्यावर थरावर थर चढत गेले की शेजारचे घर काहीही न करता खाली जाते, ही गोष्ट मी रोज त्याच गल्ल्यांतून फिरत असूनही कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी माझ्या कागदावर पहिल्यांदा आकड्याशेजारी कारण लिहिले गेले. नवीन विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगते, की मापाबरोबर घरातल्या माणसाचे बोलणेही त्याच कागदावर लिहावे, कारण महिन्याभराने आकडा समोर असतो आणि त्याचा अर्थ विसरलेला असतो.

कोल्हापुरात राहणाऱ्याला अभ्यासासाठी दूर जाण्याची गरज नाही. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ या तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमाभिमुख देवीपर्यंत पोहोचतात. या तारखा दोनदाच का येतात, असे आम्हाला विचारले गेले तेव्हा वर्गात शांतता पसरली. उत्तर दिनदर्शिकेतच होते. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेकडे सर्वांत जास्त झुकलेला असतो आणि १० नोव्हेंबर व १ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस त्याच्यापासून जवळजवळ सारख्याच, सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावरच्या त्याच बिंदूपाशी मावळतो. त्या मार्गात एखादी इमारत उंच झाली तर किरणे अडतात, हाही वास्तुकलेचाच धडा आहे: आपण बांधतो ती भिंत दुसऱ्या कोणाच्या तरी उजेडाच्या वाटेत उभी असते. पुढे सूर्याचे कोन आणि खिडकीवरचे छज्जे शिकताना मी प्रत्येक वेळी याच उदाहरणाकडे परत आले.

खिद्रापूरच्या कोपेश्वराला एक संपूर्ण दिवस द्यावा. शिलाहारकाळातील या देवळाचा स्वर्गमंडप वरून वर्तुळाकार उघडा आहे आणि त्या उघड्या वर्तुळाखाली बारा खांब आहेत. तिथे कॅमेरा बाजूला ठेवून दर तासाला जमिनीवरचा उजेडाचा गोल कुठे सरकतो ते रेखाटावे. नवा राजवाडा, टाउन हॉल आणि पन्हाळ्यावरचा अंबरखाना हेही पाहावेतच. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला आणि त्याच हाताचा टाउन हॉल किती वेगळा आहे, हे दोन्ही वास्तू एका दिवसात पाहिल्या तर चांगले ध्यानात येते.

आता धोक्याविषयी. फाउंडेशनच्या वर्षात माझे गणित पूर्णपणे सुटले. दिवसभर रंग आणि कागद हाताळून संध्याकाळी पुस्तक उघडण्याची इच्छा होत नसे, आणि पुढच्या नाटाच्या दोन महिने आधी बसले तेव्हा साधे त्रिकोणमितीचे उदाहरण आठवेना. परीक्षा निभावली, परंतु पहिल्या वर्षाच्या संरचनाशास्त्रात मला त्याची किंमत मोजावी लागली. हे वर्ष घेणाऱ्याने रोज एक तास गणिताला द्यावा, मग दिवस कितीही भरलेला असो.

दुसरा धोका अधिक खोलवरचा आहे आणि त्याविषयी कोणी सावध करत नाही. हात तयार झालेला असला की वाईट विचारही कागदावर सुंदर दिसतो. पहिल्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या वेळी, आम्हाला गगनबावड्याच्या रस्त्यावरील एसटीचा थांबा करायचा होता. माझ्या शीट वर्गात सर्वांत देखण्या होत्या, छायाप्रकाश दिलेला होता, झाडे सुरेख काढलेली होती. परीक्षकांनी दोन मिनिटे पाहून विचारले, “पाऊस कुठून येतो?” गगनबावडा हा जिल्ह्यातला अतिवृष्टीचा भाग, आणि मी तिथे सपाट छत काढले होते, पश्चिमेकडची बाजू उघडी ठेवली होती आणि पागोळ्यांचे पाणी नेमके प्रवासी उभे राहतात तिथे पडत होते. ज्यांना रेषाही सरळ काढता येत नव्हती अशा दोन मुलांना माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले आणि ते योग्यच होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रकल्पात आधी सेक्शन म्हणजे इमारतीचा उभा छेद काढू लागले, तोही साध्या पेन्सिलीने बटर पेपरवर, आणि पाणी, वारा व माणूस त्यातून कसे जातात हे दाखवल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही असा नियम केला.

ज्युरीत होणारी टीका नव्या मुलांना फार लागते. वर्गात प्रत्येकाच्या कामावर सर्वांसमोर बोलले जाते आणि रात्रभर जागून केलेले मॉडेल मोडून पुन्हा करायला सांगितले जाते. फाउंडेशनमध्ये आठवड्याला एकदा चित्रे भिंतीवर लावून चर्चा होत असल्यामुळे मला त्याची थोडी सवय होती. तरीही रात्री जागण्याचा जो अभिमान या शिक्षणात बाळगला जातो तो मला मान्य नाही. झोप न झालेल्या हाताने धरलेला कटर बोटात जातो, हे मी माझ्या शेजारच्या टेबलावर पाहिले आहे.

खर्चाबाबत थोडक्यात सांगते. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, क्लच पेन्सिल, चांगला कटर आणि कटिंग मॅट एवढे सुरुवातीला पुरते, आणि यातील बरेच वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून निम्म्या किमतीत मिळते. महागडा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात घेण्याची घाई करू नये. मॉडेलसाठी माउंट बोर्ड आणि सनबोर्डवर मात्र सतत पैसे जातात, म्हणून पालकांना फीशिवाय हा वेगळा खर्च आधीच सांगावा.

ज्याला चित्र बऱ्यापैकी येते, गणित पक्के आहे आणि परीक्षेत पुरेसे गुण आहेत, त्याने पायाभूत वर्ष घेऊ नये, सरळ प्रवेश घ्यावा. ज्याला आर्किटेक्चर की अभियांत्रिकी हेच ठरवता येत नाही, किंवा ज्याचा हात माझ्यासारखा मागे पडला आहे, त्याने ते जरूर घ्यावे. फक्त नाटाच्या सरावासाठी ते घेत असेल तर त्यापेक्षा सुट्टीतील वर्ग स्वस्त पडेल.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या सत्रासाठी मी कोल्हापुरातीलच एका कार्यालयात मुलाखतीला गेले तेव्हा चौथ्या वर्षापर्यंतचे सगळे काम बरोबर नेले होते. तेथील ज्येष्ठ आर्किटेक्टनी संगणकावर केलेली रंगीत दृश्ये भराभर उलटली आणि शेवटी राहिलेल्या मंगळवार पेठेतील घराच्या पिवळ्या पडलेल्या शीटवर थांबले. सेक्शनवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “उंबरा एवढा उंच का?” मी आज्जींचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्यांनी शीट पुन्हा एकदा जवळ धरून पाहिली, तिच्यावर तारीख आणि मापाचे प्रमाण (स्केल) लिहिले आहे का ते तपासले आणि सोमवारी सकाळी साडेनऊला यायला सांगितले.