समुद्रसपाटीपासून मोजा: रिडेव्हलपमेंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

विलेपार्ले पूर्वेच्या एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून "अकरा मजले होतील" असं सांगितलं, तेव्हा मला प्रकल्प सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागून पाच महिने झाले होते. समोर बत्तीस घरांची माणसं होती. इमारत १९७२ची, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. गुडघे धरून जिना चढणाऱ्या काकू-आजोबांनी अकरा हा आकडा ऐकला आणि मागच्या रांगेत टाळी वाजली. माझे सर मात्र वाजवत नव्हते. चष्मा काढून ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

त्या कागदावर विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रातली कमाल उंची होती: ४६.५० मीटर. मी ती जमिनीपासून धरली होती. पत्रात ती समुद्रसपाटीपासून असते. आमच्या प्लॉटची जमीनच समुद्रसपाटीपासून ८.२० मीटर वर आहे, म्हणजे हातात उरले ३८.३० मीटर. त्यातून पार्किंगच्या स्टिल्टचे, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळाचे, ४.२० आणि गच्चीवरच्या लिफ्टची मशिनरूम, पाण्याची टाकी, वीजरोधक कांब यांचे साधारण ६ मीटर वजा करा. उरलेल्या २८.१० मीटरला ३.०५ने भागलं की नऊ मजले येतात. अकरा नाहीत.

मीटिंगनंतर सर रिक्षात एवढंच म्हणाले, "उद्या सेक्रेटरींना तू फोन करायचा." केला. त्यांनी ओरडायला हवं होतं, पण ते फक्त "बरं" म्हणाले. ते जास्त लागलं.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली मला विचारतात तेव्हा मी इथूनच सुरुवात करते. कॉलेजात बीम, कॉलम, एस्टिमेट शिकवतात. मुंबईत घर बांधताना अडतं ते मात्र बहुतेक वेळा दोन माणसांच्या कागदांवर दोन वेगळे आकडे असल्यामुळे, आणि ती दोन माणसं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे. आमच्यासारख्या पीएमसीचं, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचं, निम्मं काम त्यांना एका टेबलाशी बसवण्याचं असतं. ज्युनिअर म्हणून तुम्ही तिथे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं आणि काय ठरलं त्याची नोंद, लिहिता. मला सुरुवातीला तो कमीपणा वाटायचा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन शाळेतल्यासारखं लिहीत बसायचं? पण सहा महिन्यांनी भांडण होतं तेव्हा सगळे तुमची वही उघडतात.

तर नऊ मजले. इथून पुढचं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विमानतळाजवळच्या भागात, पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथे, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी, कागदावर असतो पण तो वापरायला वर हवाच शिल्लक नसते. मुंबईच्या 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' मधलं ३३(७)(ब) हे कलम तीस वर्षांहून जुन्या सोसायटीला जादा क्षेत्र देतं: प्रत्येक घरामागे १० चौरस मीटर किंवा सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. आमचं बांधकाम साधारण १,९०० चौरस मीटर, त्याचे १५ टक्के २८५ झाले. घरामागे दहा धरले तर बत्तीस घरांचे ३२०. म्हणजे ३२० मिळणार, चौरस फुटांत जवळपास ३,४४४. वर पैसे भरून मिळणारं ३५ टक्के जादा बांधकाम, ज्याला फंजिबल म्हणतात, ते वेगळंच. हे सगळं बसवायचं कुठे? डेव्हलपरने नऊ मजल्यांचं गणित मांडलं आणि मेंबरना द्यायची जादा जागा कमी केली. सोसायटीने ती ऑफर नाकारली. दोन महिने कोणी कोणाला फोन केला नाही.

सरांनी मग एक केलं. लिफ्टवाल्याला बोलावलं.

हसू नका. लिफ्ट कंपनीचा माणूस एरवी स्लॅब पडायला लागल्यावर येतो. त्याला प्लॅन मंजुरीच्या आधी, सोसायटीचा आर्किटेक्ट, डेव्हलपरचा आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि प्लंबिंगवाला यांच्याबरोबर एका खोलीत बसवणं हे मी तरी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्याने सांगितलं की मशिनरूम नसलेली लिफ्ट घेतली तर गच्चीवरची खोली जाते. प्लंबिंगवाला म्हणाला, मग टाकी जिन्याच्या डोक्यावर कशाला, बाजूला बसकी करू. दोघांनी मिळून गच्चीवरचे ६ मीटर ४.६० वर आणले. नियमात राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने बीम भिंतींच्या रेषेत घेऊन पातळ स्लॅबचा हिशोब दिला आणि मजल्याची उंची ३.०५ वरून २.९२ झाली. आता गणित करा: ३८.३० वजा ४.२० वजा ४.६० म्हणजे २९.५०. दहा मजल्यांना लागतात २९.२०. तीस सेंटिमीटर हातात ठेवून एक अख्खा मजला परत आला.

सहा जणांपैकी कोणालाही एकट्याने तो सापडला नसता. प्रत्येकाला आपापले दहा-वीस सेंटिमीटर दिसत होते, आणि आपल्या दहा सेंटिमीटरने काय होणार असं प्रत्येकाला वाटत होतं.

(गच्चीवर सोलर वॉटर हीटर आणि गणपतीच्या देवळीचा कळस अशा दोन मागण्या नंतर आल्या. दोन्ही त्या तीस सेंटिमीटरमध्ये कशा बसवायच्या यावर झालेल्या चर्चेचे मिनिट्स माझ्याकडे चार पानी आहेत. प्राधिकरणाच्या दृष्टीने कळसही उंचीतच धरला जातो.)

नव्या माणसाला पहिल्या महिन्यात मिळणारं दुसरं काम म्हणजे घरं मोजणं. मला ते आवडायचं, कारण प्रत्येक घरात चहा मिळतो. पण सगळ्यात जास्त वाद याच कामातून निघतात. जुन्या करारात क्षेत्र बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलेलं असतं, महापालिकेच्या मंजूर नकाशात वेगळं असतं आणि प्रत्यक्षात बाल्कनी आत घेतलेली असते. कोणी पॅसेजमध्ये कपाट बांधून तो घरात घेतलेला असतो. आज रेरा या बांधकाम व्यवसायावरच्या कायद्यात कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्राची, व्याख्या पक्की आहे, पण १९७२च्या करारात ती शोधू नका. मेंबरच्या मनात मात्र एकच आकडा असतो, तो वडिलांनी सांगितलेला, आणि तो खोटा आहे असं टेप पसरून सांगणं वाईट दिसतं.

आम्ही त्यावर एक साधी पद्धत ठेवली. सोसायटीचा माणूस, डेव्हलपरचा माणूस आणि मी असे तिघे एकत्र जायचो. लेझर मीटरने मोजायचं, घरमालकाच्या समोर आकडा वाचायचा, तिथल्या तिथे एका कागदावर चार सह्या. कमी भरलं तर त्याच दिवशी वाद होऊन जातो, करारनाम्याच्या वेळी नव्हे. एका घरी काकूंनी सही करायच्या आधी स्वतःच्या पट्टीने भिंत पुन्हा मोजली. दोन इंचांचा फरक निघाला, कारण त्यांनी प्लास्टरपासून मोजलं होतं आणि आम्ही पडद्याच्या पेल्मेटपासून. त्या बरोबर होत्या.

हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्हाला पगार पीएमसी देते, पीएमसीचं बिल सोसायटी देते, आणि ते पैसे शेवटी बहुधा डेव्हलपरकडून वसूल होतात. हे गुपित नाही, सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच मेंबर तुमच्याकडे संशयाने बघतो, आणि त्याचं काही चुकत नाही. डेव्हलपरच्या ऑफिसात जेवायला थांबू नका, हा सरांचा पहिला नियम होता. मला तो तेव्हा जुनाट वाटला होता.

सभांबद्दल थोडक्यात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ला काढलेले निर्देश एकदा नीट वाचून काढा, मराठीतच आहेत. डेव्हलपर निवडण्याच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर असतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. कॅमेरावाला वेळेवर आला का, त्याच्या कार्डात जागा आहे का, हे बघणं ज्युनिअरचं काम. आमच्याकडे एकदा मतदानाच्या ऐन वेळी बॅटरी संपली आणि पाच मिनिटं सभा थांबवून कोणाच्या तरी मोबाइलवर पुढचं घ्यावं लागलं. ते पाच मिनिटं थांबणंही मिनिट्समध्ये लिहिलं. विरोधातल्या मेंबरने पुढे नेमकं तेच विचारलं.

सगळे एकत्र बसवले की गोड होतं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या एका प्रकल्पात डेव्हलपरने आठ महिने भाडं दिलं आणि मग बंद केलं. माणसं मुलुंडला, ठाण्याला भाड्याने गेलेली, मुलांच्या शाळा इकडे. जुनी इमारत पाडलेली. तिथे आमचं टेबल काही कामाचं नव्हतं. बँक हमी करारात होती पण तिची मुदत कधी संपते यावर कोणी लक्ष ठेवलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. तेव्हापासून मी मोबाइलमध्ये हमीच्या तारखांचे रिमाइंडर लावते, मुदतीच्या नव्वद दिवस आधी. तुम्हीही लावा.

वाद झाल्यावरही कोर्टाशिवाय वाटा असतात हे मला उशिरा कळलं. विक्रीच्या घरांसाठी प्रकल्प महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण २०१८पासून महारेराचा सलोखा मंचही आहे. त्याच्या पीठावर एक जण ग्राहक संघटनेचा, म्हणजे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा, आणि एक जण बिल्डरांच्या संघटनेचा असतो. एरवी वर्तमानपत्रात एकमेकांविरुद्ध पत्रकं काढणारे हे दोन पक्ष तिथे शेजारी बसून तिसऱ्या दोघांचं भांडण मिटवतात. मला हे रचनेच्या दृष्टीने हुशारीचं वाटतं: बिल्डरच्या अडचणी बिल्डरच ओळखतो, त्यामुळे थापा चालत नाहीत. अट एवढीच की भांडणाऱ्या दोघांची तयारी हवी.

स्वयंपुनर्विकासाबद्दल हल्ली सगळे विचारतात. डेव्हलपर नको, सोसायटीच बांधेल, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देईल. होतं, पण डेव्हलपर गेला म्हणजे त्याचं काम जात नाही. ते काम समितीवर आणि पीएमसीवर येतं. शिकायचं असेल तर अशा प्रकल्पासारखी शाळा नाही. रात्री झोप हवी असेल तर आधी साधा प्रकल्प करा.

शिक्षणाचं विचाराल तर सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री, आर्किटेक्चर, नाहीतर कायदा, कुठूनही येता येतं. आमच्या ऑफिसात बी.कॉम. झालेला एक जण आहे, भाडं आणि कॉर्पसच्या, म्हणजे डेव्हलपरने द्यायच्या एकरकमी निधीच्या, तक्त्यांत त्याचा हात कोणी धरत नाही. ज्यांना घरविक्रीत एजंट व्हायचंय त्यांना २०२३पासून महारेराचं प्रशिक्षण आणि परीक्षा द्यावी लागते. पण पहिल्या वर्षी खरं काम पडतं ते प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद), डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉटबद्दल काय आहे ते सांगणारा महापालिकेचा कागद) आणि कन्व्हेयन्सचे (जमीन सोसायटीच्या नावावर केल्याचे) कागद वाचण्याचं. तीन सोसायट्यांचे हे तिन्ही कागद मिळवून घरी बसून वाचा. प्लॉटचं क्षेत्र तिन्ही कागदांत सारखं आहे का बघा. बहुतेक वेळा नसतं. तिथून तुमचा पहिला प्रश्न तयार होतो, आणि मुलाखतीत तो विचारलात तर समोरचा पेन खाली ठेवतो.

आणि उंचीचं पत्र हातात आलं की आधी साइट एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे प्लॉटची जमीन समुद्रसपाटीपासून किती वर आहे याचा दाखला, मागा.

पार्ल्याचा दहावा स्लॅब यंदा पावसाच्या आधी पडला. सर्व्हेअरने लेव्हल घेतली, मी आकडा दोनदा तपासला. सेक्रेटरीकाका हेल्मेट घालून वर आले होते. पश्चिमेला विमान उतरत होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "काय मॅडम, अकरावा कधी?"