वायू तोलायचे, तर आधी एवढं जमवा

विज्ञान प्रदर्शनात वायूंची वजनं ताडून दाखवायची ठरली की पोरं आधी फुगे आणायला पळतात. फुगे राहू द्या. फुगा जेवढी हवा बाजूला सारतो तेवढं त्याचं वजन काट्यावर कमी दिसतं, आणि दर वेळी तो वेगळा फुगतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या, आतून-बाहेरून कोरडी. तीही हवा सारतेच, पण दर वेळी तेवढीच. शेवटपर्यंत तीच बाटली, तेच झाकण. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलीही असाच एकच काचेचा गोळा वेगवेगळ्या वायूंनी भरून तोलत असे. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून केलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड भरला आणि १८९४ मध्ये त्यातून आरगॉन हा नवा वायू हाती लागला.

खरी अडचण काट्याची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे २५ अंशांना इथली हवा लिटरमागे १.१ ग्रॅमच्या आसपास भरते. पुस्तकातला १.२९ शून्य अंशाचा आणि समुद्रकाठचा, तो इथे शोधत बसू नका. कार्बन डायऑक्साइड लिटरमागे १.७ च्या जवळपास. म्हणजे अख्ख्या बाटलीत फरक जेमतेम सव्वा ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्याला तो कळणारच नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा हवा. सराफ बाजारात कुणी ओळखीचं असेल तर एका दिवसापुरता मागून आणा. बाटलीचं आकारमान काढायला ती पाण्याने भरून तोलाल, ती मात्र घरच्या काट्यावर. छोट्या काट्यावर दोन किलो ठेवलेत तर तो गेलाच म्हणून समजा.

कार्बन डायऑक्साइडसाठी २० ग्रॅम खाण्याचा सोडा, १७ ग्रॅम लिंबाचं सत, पेलाभर पाणी, आणखी एक बाटली आणि मेडिकलमधून सलाईनची नळी. एवढ्यात बाटलीच्या तिप्पट वायू निघतो. तेवढा लागतोच, कारण आतली हवा वर ढकलून बाहेर काढायची आहे. सताचं पाणी सोड्यावर थोडं थोडं सोडा, एकदम ओतलंत तर फेस नळीतून पुढच्या बाटलीत जाईल. नळी तोलायच्या बाटलीच्या तळापर्यंत पोचवा, तिचं तोंड उघडं ठेवा. तोंडाशी नेलेली पेटती काडी विझली की बाटली भरली. वायू गार निघतो, म्हणून झाकण लावून दहा मिनिटं थांबा, क्षणभर सैल करून परत घट्ट लावा आणि मगच तोला. वायनऱ्यांमध्ये द्राक्षरस आंबताना हाच वायू जमिनीलगत साचतो आणि कामगारांच्या जिवावर बेततो. आपल्याकडे वायनऱ्या आहेत, तेव्हा तक्त्यावर एवढं लिहाच.

हेलियम मिळाला तर उत्तम. बाटली उलटी धरून भरा, काटा हवेच्या बाटलीपेक्षा पावणेदोन-दोन ग्रॅम उणे दाखवेल. पण सिलिंडर हेलियमचाच आहे ना, हे स्वतः बघा. काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमपासून केलेला हायड्रोजन भरतात, आणि आपल्या टेबलावर तर काडेपेटी असणार.

टेबल पंख्याखाली घेऊ नका. काट्याभोवती खोक्याचा आडोसा करा.

फुटबॉल आणि पंपही पिशवीत टाका. हवेचं स्वतःचं वजन का दाखवलं नाही, असं परीक्षक हटकून विचारतात. आधीच गोल झालेल्या फुटबॉलमध्ये आणखी हवा दाबून भरली की त्याचा आकार बदलत नाही, वजन मात्र तीन-चार ग्रॅमने वाढतं.