बल्लारपूरसारख्या पेपर मिलच्या गावाचा इतिहास कसा गोळा करायचा

आधी एक सांगतो, सुरुवात मिलपासून करू नका. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे गाव गोंड राजांचं, वर्धा नदीकाठी किल्ला अजून उभाय, तो बघा मग मिलकडे वळा. मिलची कंपनी 1945 ची, थापर ग्रुपनं काढलेली, आणि कारखाना इथंच का तर नदीचं पाणी, जवळ कोळसा, रेल्वे आणि आसपासच्या जंगलातला बांबू, हे चारही नकाशावर मार्क करा म्हणजे निम्मी गोष्ट तिथेच कळते.

मग मिलमधून रिटायर्ड झालेल्या काकांकडे जा. "इतिहास सांगा" म्हटलं की गप्प बसतात, त्यापेक्षा भोंगा किती वाजता व्हायचा, क्वार्टर कुणाला कुठलं मिळायचं, पल्पचा, म्हणजे कागदाच्या लगद्याचा, वास कसा यायचा हे विचारा, थांबणारच नाहीत बघा! घरातल्या जुन्या पगार स्लिपा, युनियनची पत्रकं यांचे मोबाईलवर फोटो काढा, मूळ कागद मागू नका. तारीख नसेल तर वरचं कंपनीचं नाव वाचा: स्ट्रॉ बोर्ड मिल्स असेल तर कागद जुना, बल्लारपूर इंडस्ट्रीज असेल तर 1975 किंवा नंतरचा. आणि बांबू तोडणाऱ्यांनाही विचारा, ते राहूनच जातात.